चंपाषष्ठीचं ताट

"मग बाळंतिणीनं वांगं खाल्लं तरी बाळाला बाधत नाही, असं म्हणता?"

गुंडाबुवा निखाऱ्यावरचं वांगं फिरवत राहिले. "हं," एवढंच म्हणाले.

भालचंद्रला हे 'हं' खपत नसे. मठात येणाऱ्यांत तो एकटाच पदवीधर. वाद घालायचा तो जिंकण्यासाठीच.

"बुवा, जे आईच्या पोटात जातं तेच दुधात उतरतं. तिखट खाल्लं की मूल तापट. वातूळ खाल्लं की रडकं. म्हणून चार महिने मऊ भात आणि मुगाचं पाणी. दुसरं काही नाही."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"आणि खाल्लं कुणी?"

"इंदूनं."

"हं... मिशी पूस. रस्सा लागलाय."

भालचंद्रनं घाईघाईनं उपरणं ओठांवरून फिरवलं. येताना फाट्यावर त्यानं मिसळ खाल्ली होती. तेव्हा इंदू शेजारी बसून डब्यातला भात चिवडत होती. जे जेवण आपल्याला जेवायचं नसतं, त्याचे नियम माणूस फार कडक करतो.

"पण गुण आलाय ना," तो म्हणाला. "पोरीकडे बघा. कशी गुटगुटीत आहे."

इंदू दाराशी बाळाला घेऊन बसली होती. ती खानदेशातली. भाजलेल्या वांग्याचा वास ओसरीपर्यंत आला, तशी तिनं मान दुसरीकडे वळवली.

"इंदू, दे बघू तिला इकडे," बुवा म्हणाले.

तिनं बाळ पुढे करायला हात उचलले. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या घसरल्या... पार कोपरापर्यंत गेल्या.

भालचंद्रनं ते पाहिलं. डोहाळजेवणाला कासारानं याच बांगड्या भरल्या होत्या. तेव्हा तळवा दाबून दाबून चढवाव्या लागल्या होत्या, आणि इंदू कळवळली होती.

बुवांनी बाळाला दोन्ही हातांवर तोललं.

"जड आहे."

"तेच तर सांगतोय मी."

"एवढं कुठून आलं?"

"दुधातून."

"आणि दूध?"

भालचंद्रची नजर पुन्हा त्या बांगड्यांवर गेली.

"चक्कर येते का गं?" बुवांनी विचारलं.

"उठताना येते," इंदू म्हणाली. "केसही मूठमूठ गळतात. हे म्हणतात, होईल बरं."

"काय खावंसं वाटतं?"

इंदू हसली. "ते नका विचारू बुवा. तुमच्या चुलीनं मघापासून छळलंय नुसतं."

बुवांनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. मग वांग्याची साल काढली, गर कुस्करला, त्यात कांद्याची पात, लसूण आणि मिरची घातली. पावसाळाभर वर्ज्य असलेलं वांगं मठात चंपाषष्ठीला पहिल्यांदा शिजे, आणि पहिलं ताट खंडोबाचं असे. भरीत आणि बाजरीचे रोडगे वाढून बुवा उठले. भालचंद्रनं देव्हाऱ्यापुढची जागा पुसून पाट मांडला.

बुवा पाटावरून पुढे गेले. ताट त्यांनी इंदूपुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले.

"बुवा... नैवेद्य आहे तो."

"आहे ना."

"आणि ती... तिचं पथ्य..."

इंदूनं नवऱ्याकडे पाहिलं. थोडा वेळच. मग रोडगा मोडला, भरिताला लावला आणि पहिल्या घासाला डोळे मिटले. बाळानं पदराआड तोंड खुपसलं. चुटचुट आवाज येऊ लागला. इवलीशी बोटं आईच्या बांगडीत अडकली होती. इंदूनं दुसरा रोडगा स्वतःच ओढून घेतला.

देव्हाऱ्यापुढचा पाट रिकामाच होता. भालचंद्रला राहवेना.

"मग देवाला कधी दाखवायचा?"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पाणी फिरवलंय, भालचंद्रा. देव जेवत असताना बोलू नये."