वाघजाईमागच्या सात पायऱ्या

वाघजाईच्या देवळामागच्या या सात पायऱ्या कुठंच जात नाहीत. कड्याच्या काठाशी थांबतात. पाहुणे मंडळी नेमकी इथंच फोटो काढतात, म्हणून आधीच सांगतो, पाय जपून ठेवा.

आमच्याकडं हुरुपाच्या भरात कुणी तहानभूक विसरला, की 'याला सुभाना चढलाय' असं म्हणतात. सुभाना हा पाथरवट. त्याची सहा वर्षांची बनू तापानं फणफणली, तेव्हा तो नवस बोलला, पोर वाचू दे, पायथ्यापासून देवीपर्यंत पायऱ्या करतो. पोरीचा ताप चढत-उतरत राहिला, आणि पहिला महिना तो एकटाच घाव घालत होता म्हणे. मग गाव आलं. कुणी दगड वाहिले, कुणी भाकरी आणल्या, हलगी वाजायला लागली. शेतं टाकून माणसं डोंगरावर.

पाच पायऱ्या उरल्या असताना बनूची आई धापा टाकत वर आली. पोर अखेरचे श्वास घेत होती, बापाला बोलावत होती. देवीच्या गुरवानं बाईला वाटेतच अडवलं.

"पाचच राहिल्यात बाई. आता सांगितलंस तर हात गळतील त्याचे. नवस पुरा हुंदे, पोर आपसूक उठंल."

लोकांनी माना डोलावल्या. हलगी आणखी जोरात वाजली आणि बाईची हाक सुभानापर्यंत गेलीच नाही. ती तिथंच दगडावर बसून राहिली.

दिवेलागणीला सुभाना खाली पोचला. पोर गार झाली होती.

तो रडला नाही, असं सांगतात. सकाळी पुन्हा वर आला आणि देवळामागं पायऱ्या घडवू लागला. सात दिवस, सात पायऱ्या. कुणी हलगी वाजवली नाही, कुणी थांब म्हटलं नाही. आठव्या दिवशी छिन्नी इथंच ठेवून तो बायकोला घेऊन निघून गेला.

हुरुपाला नाव त्याचं लागलं. चढलं होतं ते गावाला. आणि तो गुरव आमच्याच घरातला. चाळीस वर्षं सांगतोय हे, आता सांगताना मला काही वाटत नाही.

आजही जत्रेत शेवटच्या पाच पायऱ्यांवर हलगी बंद होते. घंटेला हात लावण्याआधी आमच्या घरातला माणूस प्रत्येकाला विचारतो, "घरी समदी बरी हायत न्हवं?" बहुतेक जण हसून हो म्हणतात. गेल्या जत्रेत मी विचारलं, तेव्हा एकानं घंटेकडं नेलेला हात खाली घेतला आणि दर्शन न घेताच मागं वळला.

मी बाजूला होऊन त्याला वाट दिली.