परवानगी विचारायची परवानगी

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख दिगंबर इनामदार स्वतःच्या कोडवर कुणी बोट ठेवलेलं खपवून घेत नसत. रक्तपेढीच्या, पायथन या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमसाठी त्यांनी एक मेथड, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिली होती. रक्तदात्याची कुठलीही माहिती वाचण्याआधी तिने परवानगी तपासायची. पण रक्तपेढीच्या डॉक्टर गोडखिंडी प्रोग्रॅम पाहायला आल्या आणि दात्याचं नाव मागताच प्रोग्रॅमच कोसळला.

"सर, तुमची मेथड स्वतःलाच हाका मारत बसते," नवी प्रोग्रॅमर शलाका चौगुले म्हणाली.

"माझी मेथड? डॉक्टरांना पटेल असं सिद्ध कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

शलाका म्हणाली, "समजा, परवानगी विचारल्याशिवाय इथे कुणी तोंड उघडायचं नाही, असा तुमचा हुकूम आहे. मग सर, परवानगी विचारायला तोंड कसं उघडू?"

डॉक्टर खळखळून हसल्या.

"मेथडचंही तेच झालंय," शलाका म्हणाली. "परवानग्यांची यादी दात्याच्या माहितीसोबत त्याच ऑब्जेक्टमध्ये, एकाच पेटीत आहे. ती वाचायलाही परवानगी लागते, आणि परवानगी तपासायला पुन्हा तीच यादी."

"मग वाचायची कशी?" इनामदारांचा आवाज उतरला होता.

"मूळ क्लासकडून, म्हणजे आपला कोड ज्या साच्यावर बेतलाय त्याच्याकडून मागायची. तिथे पहारा नाही."

शलाकाने त्या ओळीत 'सेल्फ', म्हणजे स्वतःऐवजी, 'सुपर', म्हणजे मूळ क्लास, वापरून यादी मागितली. स्क्रीनवर नावं झरझर उमटली. डॉक्टरांनी लगेच ओ निगेटिव्हचा दाता शोधून फोन लावला.

इनामदारांनी आपली खुर्ची शलाकापुढे सरकवली. "बस. आणखी कुठे कुठे मी असा गोल फिरतोय, तेही दाखव."