बेहड्यावरची ढोली

फार पूर्वी, जंगलात कुऱ्हाड पोचली नव्हती तेव्हा, भिवा नावाचा एक तरुण धनेश पक्षी शेजाऱ्याच्या ढोलीवर जळत होता. शेजारी रंगा बेहड्यावर उंच राहायचा. त्याची ढोली दिसली की भिवाच्या घशाखाली फळ उतरत नसे.

त्याच बेहड्यावर शेकरूची त्याहून मोठी ढोली रिकामी होती. भिवाने आपलं फळांनी लगडलेलं उंबराचं झाड शेकरूला देऊन ती घेतली. बायकोला, सगुणाला, तो ऐटीत म्हणाला, "बघ, हिच्यापुढे रंगाची ढोली म्हणजे उंदराचं बीळ."

धनेशांची रीत अशी, की अंडी घालायला मादी ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून चोचीपुरती फट ठेवतात, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नरच तिला भरवतो. सगुणाने ते भलंमोठं दार नीट न्याहाळलं.

"अहो, एवढं लिंपायला चिखल किती लागेल?"

"आणीन की."

"तुम्ही चिखलच वाहणार, मग मला भरवणार कधी? आणि काय? उंबर तर देऊन बसलात."

"पण ढोली तर झाली ना आपली?"

"ढोली काय चावून खाऊ?" असं म्हणून सगुणा काठावरच बसून राहिली. आत काही ती शिरली नाही.

तेवढ्यात रंगा चोचभर उंबरं घेऊन आला आणि आपल्या अरुंद फटीतून बायकोला एकेक देऊ लागला. भिवाचा आजही जळफळाट झाला, पण रंगाच्या ढोलीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर उंबरांवरून हलेना.