एकूण आणि मोकळं

"मग रक्त खोटं बोलतं का, महाराज?"

सौमित्र गुंजीकरने रिपोर्ट पुढे केला. मठाच्या दवाखान्यातला हा नवा डॉक्टर. हुशार, आणि ते विसरू न देणारा.

महाराजही संन्यासाआधी डॉक्टर होते. अवघड रोगी अजून त्यांच्याकडेच येत.

बाकावर दिगंबर कोष्टी मान खाली घालून बसला होता. विणकर. फिटच्या गोळ्या कित्येक वर्षांच्या. अलीकडे अंगातलं बळ गेलं होतं, बायकोजवळ जायची इच्छाही.

"तुमचं पुरुषी हार्मोन भरपूर आहे. हे सगळं मनाचं," सौमित्रने त्याला सांगितलं होतं. बायकोसमोर.

शेवंता माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मनातच नाही माझ्याबद्दल, तर राहू कशाला?"

महाराजांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"हात दे."

सौमित्रने दिला.

"दुसराही."

महाराजांनी दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"तुला हात किती?"

"दोन."

"याचे डोळे पूस."

तेव्हा कुठे सौमित्रने पाहिलं. दिगंबर रडत होता.

त्याने हात ओढले. सुटेनात...

त्याने आपल्या धरलेल्या मनगटांकडे पाहिलं.

"प्रथिन..." सौमित्र हळूच म्हणाला. "रक्तातलं एक प्रथिन हार्मोनला धरून ठेवतं. धरलेलं शरीराला वापरता येत नाही. फिटच्या काही गोळ्यांनी ते प्रथिन वाढतं. मी एकूण हार्मोन पाहिलं. मोकळं किती, ते पाहिलंच नाही."

महाराजांनी मनगटं सोडली. सौमित्र दिगंबरकडे वळला.

"मोकळ्या हार्मोनची तपासणी करू, दिगंबरराव. गोळी बदलता येते का, तेही मेंदूच्या डॉक्टरांना विचारतो. तोवर ती बंद करू नका."

दिगंबरने मान वर केली.

"म्हंजे... माझं मन खोटं न्हवतं?"

"नव्हतं."

"हे तिला कोन सांगनार?"

सौमित्र उठला. शेवंताच्या माहेरी गेला. ओसरीवर तिचे भाऊ बसले होते. त्यांच्यासमोर तो शेवंताला म्हणाला, "दिगंबररावांचं तुमच्यावर मन आहे. शरीर साथ देत नाही. मी न तपासता बोललो. चुकलो."

"बरे होतील का ते?" शेवंताने विचारलं.

"आज सांगता येत नाही."

ती आत गेली. पिशवी घेऊन बाहेर आली.

सौमित्र मठात परतला.

"गोळी बदललेली नाही, महाराज. तपासणीही व्हायची आहे. तरी ती आली... कशी?"

महाराजांनी त्याची नाडी धरली. डोळे मिटले.

"आता बरं वाटतंय का तुला?"