साळी आळीची बाज

साळी आळीत कुणी घर बांधायला काढलं, की पाया खणण्याआधी चौघे शेजारी एक रिकामी बाज खांद्यावर घेऊन त्या जागेसमोरून जातात. बाज तिरपी न करता सहज पुढे गेली, तरच भिंतीची दोरी धरायची. नाहीतर दोरी मागे सरकवायची. पाहुण्यांना नवल वाटतं. मग आळीतली जुनी माणसं केरोबा साळ्याची हकिगत सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात.

केरोबाचं घर ऐन वळणावर होतं म्हणे. घरात एकच माग मावायचा. दुसरा बसवायचा म्हणून पुढची भिंत दोन हात रस्त्यावर घ्यावी, असं त्याच्या मनात आलं. वळणापलीकडे, आळीच्या आतल्या बाजूला भिवा राहायचा, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. केरोबानं त्याला विचारलं.

"घे की," भिवा म्हणाला. "दोन हातांनी आळी थोडीच संपतेय?"

भिंत पुढे आली. मग तिला ओटा आला, ओट्यावर पडवी आली. ते पाहून समोरच्यांनीही ओटे काढले. बैलगाडी आत येईना, तेव्हा केरोबाच लोकांना सांगायचा, "गाडी बाहेर सोडा, ओझी डोक्यावर आणा."

पुढे भिवा आजारी पडला. दोन महिने अंथरुणाला खिळून एका सकाळी गेला. तिरडीला पुढचा खांदा केरोबानं दिला. वळणावर तिरडी अडली. मागे घेतली, तिरपी केली, तरी वळेना. वर उचलावी, तर पडवी आड आली. शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं, "उभी करावी लागेल."

दोरीनं बांधलेला भिवा उभा झाला. तोंड नेमकं केरोबाच्या दाराकडे.

मागून भिवाची बायको तानूबाई कळवळली, "केरोबा भावजी, त्यांना उभं नका करू हो! दोन महिने त्यांना बसवतसुद्धा नव्हतं."

केरोबाला कुणी बोल लावला नाही. तेच त्याला सोसेना. स्मशानात तो सगळ्यांच्या मागे, खाली मान घालून उभा राहिला. परत आल्यावर ओल्या धोतरानंच त्यानं पहार घेतली. "निदान दहावा होऊ दे," लोक म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. ओटा गेला, पडवी गेली, भिंत गेली. घेतले होते दोन हात, सोडले सहा.

मग तो तानूबाईच्या दारात गेला. त्याला एवढंच बोलता आलं, असं सांगतात : "वहिनी, वाट मोकळी केली."

तानूबाईनं वर पाहिलं. "आता कुणासाठी, भावजी?"

महिन्याभरात समोरचे ओटेही निघाले. पुढे कैक वर्षांनी घरासमोर किती जागा सोडायची याचा नियम घेऊन नगरपालिकेची माणसं आळीत आली, तेव्हा त्यांना एकही भिंत मागे घ्यायला सांगावी लागली नाही.

आजही बाजेला पुढचा खांदा केरोबाच्या वंशातल्याचाच असतो. बाज सुखरूप पुढे गेली की घरधनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवतो. केरोबाच्या घरचा माणूस तो घेत नाही. हात जोडतो आणि निघून जातो.