ट्युलिपमध्ये पिपू कोंडला

एक होती टिली. नखाएवढी फुलपरी. तिला अजून पंख फुटले नव्हते. म्हणून ती उड्या मारत जायची. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

टिलीला एक भाऊ होता. पिपू. तो तर तिळाएवढा!

दूर थंडीच्या देशात, ग्रेटा आजीच्या अंगणात ट्युलिपची फुलं होती. लाल लाल, वाटीसारखी. तिकडच्या पऱ्या आपली बाळं ट्युलिपमध्येच झोपवतात. दोरी नको, पाळणा नको.

आई मध आणायला निघाली. म्हणाली, "टिले, पिपूला सांभाळ हं."

"हो आई!"

टिलीनं सांभाळलं की! पण जरा पाठ वळली, आणि खस्स! कुणीतरी फुलाचं तोंड दोऱ्यानं बांधून टाकलं. गच्च गाठ! पिपू आत.

"ताऽऽई! ऊंऽ ऊंऽ!"

टिलीनं गाठ ओढली. सुटेना. दातांनी चावली. तुटेना.

फुलामागे कोण हसलं? खी खी खी! टोंटू!

टोंटू म्हणजे आजीच्या घरातलं भूत. घाबरू नका, गुडघ्याएवढंच भूत. लाल टोपी, पांढरी दाढी. तो घर राखतो, गाईगुरं राखतो. म्हणून दर गुरुवारी आजी त्याला लापशी देते. वर लोण्याचा गोळा. आज गुरुवार. लापशी आली. लोणी आलं नाही! झालं. टोंटू रुसला. आजीच्या लोकरीला गाठी मारल्या. घोड्याच्या आयाळीला गाठी मारल्या. फुलालाही एक मारली. आता तुम्हीच सांगा, पिपूनं काय त्याचं लोणी खाल्लं होतं?

"टोंटूकाका, टोंटूकाका, गाठ सोड ना!"

"लोणी दे, मग सोडतो. आणि लवकर हं! सूर्य बुडाला की मी झोपणार. एकदा झोपलो की आठ दिवस उठत नाही."

आठ दिवस! टिलीनं लगेच उडी मारली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चुलीपाशी बसली होती ग्रेटा आजी.

"आजी, आजी, लोणी दे!
टोंटू गाठ सोडेना,
पिपू फुलात कोंडला,
सांग मी काय करू?"

"अगं बाई गं!" आजी म्हणाली. "पण लोणी आहे कुठं घरात? दूध आण, मग लोणी देते."

मागून आवाज आला. "ऊंऽ ऊंऽ!" सूर्य झाडाच्या शेंड्यावर आला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गोठ्यात उभी होती गाय.

"गाई, गाई, दूध दे!
आजी लोणी देईना,
टोंटू गाठ सोडेना,
पिपू फुलात कोंडला,
सांग मी काय करू?"

गायीनं मान हलवली. "माझ्या गळ्यात पिवळ्या फुलांची माळ कुठं आहे? माळ नसली की चेटकीण दूध पळवते. मी नाही बाई पान्हा सोडत. माळ आण, मग दूध देते."

मागून आवाज आला. "ऊंऽ..." बारीक झाला. सूर्य झाडामागे गेला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ओढ्याकाठी होती पिवळी फुलं. सगळी मिटलेली, सगळी झोपलेली.

"फुलांनो, फुलांनो, माळ द्या!
गाय दूध देईना,
आजी लोणी देईना,
टोंटू गाठ सोडेना,
पिपू फुलात कोंडला,
सांगा मी काय करू?"

"अंऽऽ," फुलं म्हणाली. "निळी घंटी वाजल्याशिवाय आम्ही नाही उठत. घंटी वाजव, मग माळ देतो."

काय हे! झोपाळू कुठली! मागून आवाज आला. "ऊं." अगदीच बारीक. सूर्य खाली खाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. रानात होती निळी घंटी. घंटीसारखं फूल ते. मान खाली घालून उभं.

"घंटी, घंटी, वाज ना!
फुलं माळ देईनात,
गाय दूध देईना,
आजी लोणी देईना,
टोंटू गाठ सोडेना,
पिपू फुलात कोंडला,
सांग मी काय करू?"

"आपली आपण कशी वाजू?" घंटी म्हणाली. "वारा आण, मग वाजते."

टिलीचे पाय दुखायला लागले. तरी टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टेकडीवर लोळत होता वारा.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना रे!
घंटी काही वाजेना,
फुलं माळ देईनात,
गाय दूध देईना,
आजी लोणी देईना,
टोंटू गाठ सोडेना,
पिपू फुलात कोंडला,
सांग मी काय करू?"

वारा म्हणाला, "समुद्रावरचे खलाशी मला शीळ घालून बोलावतात. तूही शीळ घाल, मग येतो."

टिलीनं ओठांचा चंबू केला. फुस्स! पुन्हा केला. फुस्स! ओठ थरथरत होते ना! शीळ कशी येणार?

सूर्य लाल झाला. पलीकडच्या टेकडीला टेकला. टिलीनं कान दिला. पिपूचा आवाज? नाही. काहीच नाही!

टिली खूप घाबरली. तिला रडू आलं. पण रडून शीळ येते का? तिनं डोळे पुसले. ओठ घट्ट धरले. पोटभर श्वास घेतला. आणि...

शीऽऽऽ!

एवढीशी शीळ. डासासारखी. पण वाऱ्यानं ऐकली!

"आलो, आलो!" सूंऽऽ सूंऽऽ, वारा आला.
किणकिण किणकिण, घंटी वाजली.
पट पट पट, फुलं उठली. त्यांची माळ झाली.
माळ गायीच्या गळ्यात पडली. चुर्र चुर्र, गायीनं दूध दिलं.
घुसळ घुसळ, आजीनं साय घुसळली. लोणी आलं!
आजीनं लापशीवर गोळा ठेवला. टोंटूनं मिटक्या मारल्या. मच मच मच.

"काका, गाठ!"

"थांब गं. बोटं चाटू दे."

सूर्य नखभर उरला होता. नखभर! "काका, गाठ सोड! तू कबूल केलं होतंस!"

टोंटूनं बोट तोंडातून काढलं. मान खाली घातली. सुर्र! गाठ सुटली.

फूल उघडलं. आत सगळं शांत. टिली काठावरून वाकली. पिपू हलेना.

"पिपू? ए पिपू?"

घुर्र. घुर्र.

पिपू घोरत होता! अंगठा तोंडात, पाय वर.

टिली मटकन खाली बसली. आणि तिनं भोकाड पसरलं! इतका वेळ अडवलेलं सगळं रडू बाहेर आलं. भ्यांऽऽ!

पिपूला जाग आली. त्यानं डोळे चोळले. ताईच्या गालावर आपला तिळाएवढा हात ठेवला. म्हणाला, "ताई, रडू नको. मी आहे ना!"

फूल उघडलं, गोष्ट मिटली.