साळूबाईच्या दारातला पांढरा दगड

माळावर माणसांची वस्ती व्हायच्या आधीची गोष्ट. डोंगराची दरड कोसळली आणि साळूबाई साळिंदराच्या बिळापुढे एक पांढराशुभ्र दगड येऊन पडला. असा दगड तिथे कुणी पाहिला नव्हता.

म्हातारा कोल्हा लांबच्या टेकाडावरून म्हणाला, "हा राक्षसाचा दात आहे. राक्षस तो शोधत येणार. सगळ्यांनी आजच माळ सोडा."

कोल्ह्याचा शब्द मोठा. हरणं निघाली, सशांनी पिल्लं गोळा केली. साळूबाईची पिल्लं मात्र दोनच दिवसांची होती, त्यांना चालता येत नव्हतं. शेजारची सशीण रडवेली होऊन म्हणाली, "साळू, तुला अशी टाकून कशी जाऊ गं?"

"जरा थांब," साळूबाई म्हणाली. "मला इथेच राहायचं आहे, तर दारात काय आलंय ते तरी बघते."

भीत भीत ती दगडापाशी गेली. तिने तो हुंगला, नखाने खरवडला आणि नखाला लागलेली पूड चाटली. मग ती हसायलाच लागली. "अगं, हे तर मीठ आहे."

सशिणीने चाटलं, हरणांनी चाटलं. निघालेले सगळे माघारी फिरले आणि दगडाभोवती जत्रा भरली. कोल्हा तेवढा लांब उभा होता.

"आजोबा, तुम्हाला तो दात कशावरून वाटला?" साळूबाईने विचारलं.

कोल्ह्याने मान खाली घातली. "लांबून तसा दिसला गं. जवळ जाऊन मी पाहिलंच नाही."

"मग आता या ना जवळ," साळूबाई म्हणाली आणि सरकून तिने त्याला जागा करून दिली.